मापाचा गृहपाठ

आमच्या शाळेत गणित आणि विज्ञान शिकवणाऱ्या एका सरांना मुलं मागून ‘टेलर सर’ म्हणायची. सरांना हे ठाऊक होतं, आणि ते त्यावर चक्क खूश होते. “पोरांनी ठेवलेलं नाव हाच खरा पुरस्कार. बाकीचे अर्ज करून मिळतात,” असं ते स्टाफरूममध्ये म्हणत, आणि म्हणताना नेमकं त्याच आठवड्यात आदर्श शिक्षकाचा अर्ज भरलेल्या माणसाकडे बघत. त्यामुळे स्टाफमध्ये त्यांचे मित्र मोजकेच होते. त्यातली एक मी. मी मराठी शिकवते, आणि पुरस्कारासाठी अर्ज करण्याचा मला मुळातच कंटाळा आहे, म्हणून आमचं जमलं.

हे नाव पडलं ते त्यांच्या एका हट्टावरून. एका वर्गातल्या दोन मुलांना त्यांनी आयुष्यात कधी एकच गृहपाठ दिला नाही. “रेडिमेड घालून बी पोरं वाढतात, पण बेंगरूळ दिसतात,” हे त्यांचं म्हणणं. जूनमध्ये शाळा उघडली की पहिला आठवडाभर ते एक अक्षर शिकवायचे नाहीत. नुसत्या गप्पा. घरी कोण काय करतं, कशाचा कंटाळा येतो, शेवटचं भांडण कोणाशी झालं आणि कशावरून. याला ते माप घेणं म्हणत. मुख्याध्यापिका, ज्यांना आम्ही सगळे मोठ्या मॅडम म्हणायचो, वर्गाच्या दाराशी येऊन विचारत, “सर, कितवा धडा चालू आहे?” सर म्हणत, “अजून कापडच बघायलोय, मॅडम.” मापाच्या इतक्या गोष्टी करणाऱ्या या माणसाचा स्वतःचा सदरा मात्र कायम ढगळ असायचा. खांद्याची शिवण दंडावर यायची.

दुसरी तऱ्हा अशी, की ते मुलांना अहो-जाहो करायचे. गंगापूरकडचा माणूस, बोलणं रांगडं, आवाज असा की शेजारच्या वर्गात माझी कविता बंद पडायची, पण पाचवीतल्या शेंबड्या पोरालासुद्धा “तुमी काय म्हणता यावर?” असं विचारणार. सुरुवातीला मुलं मागे वळून बघायची, आपल्या पाठीमागे कोणी मोठं माणूस उभं आहे की काय म्हणून. मग हळूहळू ती खरोखरच मोठ्या माणसांसारखी बोलायला लागायची, आणि हे इतर शिक्षकांना जड जायचं.

संध्याकाळी शाळा सुटली की सर मैदानाच्या कडेच्या गुलमोहराखाली आपल्या मोपेडवर बसत आणि फोनशी बोलू लागत. नव्या माणसाला वाटे, कोणाशी तरी कडाक्याचं भांडण चाललंय. प्रत्यक्षात ते एकेका मुलाच्या घरच्या फोनवर आवाजी निरोप पाठवत असत. “नमस्कार. आज तुमी जीपनं फुलंब्रीला जाताना एक काम करा. जीप किती ठिकाणी थांबती, अन् प्रत्येक ठिकाणी किती वेळ खाती, ते बघा. उद्या सरासरी वेग तुमी वर्गाला शिकवायचा. मी बसून ऐकणार.” बांगड्यांच्या दुकानातल्या मुलीला रंगांच्या किती जोड्या होतात ते शोधायचं काम, आचाऱ्याच्या मुलाला नान-खलियाच्या डेगीतल्या मटण-मसाल्यावरून प्रमाण. कोण कुठे अडलंय याचा रंगीत तक्ता त्यांनी स्टाफरूमच्या म्हाताऱ्या कॉम्प्युटरवर केला होता. समजलं तर हिरवं, अडलं तर पिवळं, आणि गैरहजर असेल तर पांढरं. तो तक्ता उघडायला इतका वेळ लागे की तेवढ्यात आमचा चहा होऊन जाई.

पालकांना हे आवडत असेल असं वाटत असेल तर आपल्या पालकांची तुम्हाला ओळख नाही. आपल्या मुलाला कमी दिलं याहीपेक्षा शेजारच्याला वेगळं दिलं, हे दुःख मोठं. पहिल्या नंबरावर येणाऱ्या एका मुलाचे वडील दर पंधरा दिवसांनी हेल्मेट काखेत मारून शाळेत यायचे. ते पालक संघातही होते. “सर, त्या पोराला जे दिलं ते आमच्या पोराला का नाही?” सर शांतपणे विचारायचे, “त्याचा चष्मा तुमच्या पोराला घालू का?” त्यावर ते मोठ्या मॅडमकडे जायचे.

आणखी एक सांगायला हवं, कारण पुढे ते कामाला येतं. वर्गातला एखादा प्रयोग फसला की सर फुटाणे वाटायचे. खिशात कागदाची पुडी तयार असायची. जमलं तर काही नाही. “जमल्याचे पेढे लोक आपसूक वाटतात. फसल्याचं कोण वाटणार?” असं म्हणून मूठ मूठ फुटाणे प्रत्येकाच्या हातावर, आणि मग सगळ्यांनी ते खाता खाता कुठे चुकलं ते सांगायचं. आमच्या शाळेतली मुलं चुकीला घाबरत नसत, उलट काही आगाऊ पोरं फुटाण्यांसाठी मुद्दाम चुकायची.

आता तहसीनची गोष्ट. ती नववीत होती. अंगानं किरकोळ, बोलायला कमी, गणितात बरी. तिच्या अम्मी औरंगपुऱ्यात एका दुकानात पिको-फॉलचं काम करायच्या. वडील नव्हते, दोन लहान भाऊ होते. तिची हजेरी इतकी घसरली होती की मोठ्या मॅडमनी तिच्या अम्मीला सांगून टाकलं होतं, असंच चाललं तर दहावीला शाळेतून बसवता येणार नाही, सतरा नंबरचा फॉर्म भरून बाहेरून परीक्षा द्यावी लागेल. बाहेरून म्हणजे काय हे आम्हाला सगळ्यांना माहीत आहे. पोरगी घरी बसते, घरची कामं तिच्याकडे येतात, मग शिलाई मशीन येतं, मग स्थळ. परीक्षा राहून जाते. सातवीपर्यंत माझ्या वर्गात खिडकीशी बसणारी ही मुलगी अशी निसटून जाणार, याचं मला फार वाईट वाटत होतं.

एके दिवशी सरांनी मला तो तक्ता दाखवला. तहसीनच्या ओळीतल्या पांढऱ्या चौकटींवर बोट ठेवत ते म्हणाले, “बाई, ही पोरगी आजारी नाय. आजार असा पाळीनं येत नाय. बघा, आठवडा उलटला की एक पांढरं, कधी लागून दोन. त्याच गल्लीतल्या या तिघींचं बी तेच.”

मला एका क्षणात कळलं, कारण माझ्या स्वतःच्या किरकोळ रजा बरोबर त्याच तारखांच्या होत्या. तो आमच्या भागातला पाण्याचा दिवस. आठवड्यानंतर नळाला पाणी येतं, कधी एखाददोन दिवस उशिरानंच, आणि सकाळी येईल की दुपारी ते नळालाच ठाऊक. घरात कोणीतरी बसून राहावं लागतं. माझ्या घरी मी रजा टाकते. तहसीनच्या घरी अम्मीची रोजी बुडू नये म्हणून तहसीन.

दुसऱ्या कोणी असतं तर गल्लीत जाऊन पालकांना शिक्षणाचं महत्त्व सांगितलं असतं. सरांनी गल्लीतल्या त्या चौघींना वेगळा गृहपाठ दिला. नळाला पाणी आलं की ते शाळेत बसल्याबसल्या कळलं पाहिजे, असं काहीतरी करा. बाकीच्या वर्गाला त्याच कामाचे तुकडे वाटून दिले. पहिल्या नंबरवाल्याला हौद भरायला किती वेळ लागतो ते काढायचं काम मिळालं, आणि तो इतका रंगला की घरी टिपणं काढत बसू लागला. वडिलांचं हेल्मेट लगेच शाळेत आलं.

सरांच्या मंडळींचा एक जुना बटणांचा फोन कपाटात पडून होता. इअरफोनच्या वायरवर बारीक बटण असतं, ते दाबून धरलं की त्या फोनवरून शेवटचा नंबर आपोआप पुन्हा लागतो. एवढ्यावर मुलांनी यंत्र उभं केलं. तहसीनच्या दारातल्या नळासमोर फाइलच्या प्लॅस्टिकची झडप, झडपेमागे ते बटण. पाण्याच्या जोरानं झडप मागे जाणार, बटण दाबलं जाणार, सरांचा फोन वाजणार. शाळेत फोनला बंदी होती. मोठ्या मॅडमनी सरांचा तेवढा एक फोन टेबलावर ठेवायची परवानगी दिली, तीही तोंड वाकडं करून.

पुढच्या पाण्याच्या दिवशी कित्येक महिन्यांनी त्या चौघीही वर्गात हजर होत्या. तिसऱ्या तासाला फोन वाजला. वर्गानं जो गलका केला तो मला माझ्या वर्गात ऐकू आला. चौघी दप्तरं टाकून पळाल्या. बातमी तोंडोतोंडी औरंगपुऱ्यापर्यंत गेली. तहसीनच्या अम्मी मशीन सोडून आल्या, शेजारच्या तीन बायका कामावरून आल्या. सगळ्या बादल्या, घागरी, टिपं घेऊन नळापुढे उभ्या राहिल्या, आणि नळ नुसता सूं सूं करत होता. पाण्याआधी पाइपातून हवा येते, ही गोष्ट त्या गल्लीतल्या लहान पोरालाही माहीत होती, फक्त यंत्राला कोणी सांगितली नव्हती. खरं पाणी आलं ते दुपार कलल्यावर.

दुसऱ्या दिवशी तहसीनच्या अम्मी शाळेत आल्या. मागे ओढणीचं टोक चावत तहसीन. ऑफिसात मोठ्या मॅडम होत्या, मी कसलीशी सही घ्यायला गेले होते, आणि सर उभे होते.

“सर, आपकी हवा ने मेरा आधा दिन खा लिया,” अम्मी म्हणाल्या. आवाज चढलेला नव्हता, त्यामुळे जास्त लागला. “पानी किसी के वास्ते रुकता नै. स्कूल तो कल भी है. लडकी पानी के दिन घर पे रहेगी. बाहर से इम्तेहान देगी तो देगी.”

मोठ्या मॅडम म्हणाल्या, “सर, झालं तेवढं पुरे. तो फोन बंद करा.”

सरांनी काय करावं? त्यांनी खिशातून पुडी काढली आणि तहसीनच्या अम्मीच्या हातावर मूठभर फुटाणे ठेवले. “घ्या भाबी. फसलंय आमचं. आमच्यात फसलं की वाटतात.” त्या बाईंना हसावं की रडावं कळेना. हातात फुटाणे धरून रागावणं अवघड असतं, हे मी त्या दिवशी पाहिलं. मग सरांनी तहसीनलाही फुटाणे दिले आणि नेहमीच्या सुरात विचारलं, “तुमी काय म्हणता? कुठं चुकलं?”

तहसीननं आईकडे पाहिलं. मग मॅडमच्या टेबलाच्या पायाकडे बघत ती हळूच म्हणाली, “सर, हवेनं झडप हालती. पण हवेनं डबा भरत नाय.”

 सर खुर्ची नसलेल्या जागी बसायला गेले, सावरले, आणि म्हणाले, “परत म्हणा.”

तिनं समजावून सांगितलं. नळाखाली तेलाचा रिकामा डबा ठेवायचा. डब्यात थर्माकोलचा तुकडा. पाणी चढलं की थर्माकोल वर येईल आणि बटण दाबेल. हवा कितीही वेळ आली तरी डबा रिकामाच राहील. किती तास ती त्या नळासमोर एकटी बसली असेल, ते मला ऐकताना जाणवलं. गैरहजेरीच्या त्या सगळ्या दिवसांत ही पोरगी नळाकडे बघत होती, आणि आम्ही तिच्या नावासमोर पांढरी चौकट मांडत होतो. माझ्या डोळ्यांत पाणी आलं ते मी फाइलआड लपवलं.

मोठ्या मॅडमनी निर्णय दिला तो मुख्याध्यापिकांनी द्यावा तसाच: पुढच्या शनिवारी पालक संघाची सभा आहे, तिथे मांडा, पालक नको म्हणाले तर फोन कायमचा बंद. अम्मी म्हणाल्या, “शनिवार को तो पानी का दिन है.” सर म्हणाले, “मंग तर झकासच.” अम्मींनी कपाळाला हात लावला, पण फुटाणे खाल्ले.

सभा सकाळी साडेदहाला वरच्या हॉलमध्ये भरली. पहिल्या नंबरवाल्याचे वडील बोलायला उभे राहिले आणि बसायचं नाव घेईनात. मुलं शिकायला येतात की प्लंबिंग करायला? एका वर्गात एकच अभ्यास असतो ही जगाची रीत आहे. एकाला हौद, एकाला जीप, एकीला बांगड्या. उद्या बोर्डाचा पेपर काय प्रत्येकाला वेगळा येणार आहे? काही पालकांनी माना डोलावल्या. खरं सांगायचं तर मुद्दा बिनतोड होता, आणि मला सरांची काळजी वाटू लागली. सर मात्र भिंतीला टेकून लहान पोरासारखे ऐकत होते.

मग तहसीनला पुढे बोलावलं. घरी डबा लावून ती आली होती. दाखवायला तसाच दुसरा डबा हातात. अम्मी शेवटच्या रांगेत, दुकानातून तासाभराची सुटी काढून आलेल्या, पाय दाराकडे. घरी नळापाशी कोणी नव्हतं. पाणी आलं आणि यंत्र पुन्हा फसलं, तर आठवडाभर घरात थेंब नसणार होता, आणि तहसीनची शाळा त्याच दिवशी संपणार होती. तिचा आवाज सुरुवातीला इतका बारीक होता की मागच्यांनी कानाला हात लावले. ती थर्माकोलपर्यंत आली असेल, तेवढ्यात टेबलावरचा सरांचा फोन वाजला.

हॉलमध्ये कोणी हललं नाही. एकदा फसलेली माणसं ती. पहिल्या नंबरवाल्याचे वडील हसले आणि म्हणाले, “हवा असेल.”

तहसीननं त्यांच्याकडे सरळ पाहिलं. “हवा नाय, काका. डबा भरलाय,” ती म्हणाली, आणि यावेळी ते शेवटच्या रांगेपर्यंत ऐकू गेलं.

तिच्या अम्मींनी मुलीकडे एकदा नीट बघितलं. मग चप्पल पायात सरकवली आणि निघाल्या. त्यांच्यामागे त्यांच्या शेजारणी निघाल्या. मग कोणीतरी म्हणालं, “अहो, आपली लाइन तीच की,” आणि खुर्च्या सरकण्याचा असा आवाज झाला की काय सांगू. जिन्यावर गर्दी. पहिल्या नंबरवाल्याचे वडील आधी हेल्मेट उलटं घालून बघत होते, मग काखेत मारून पळाले. पाच मिनिटांत हॉलमध्ये मोठ्या मॅडम, सर, मी आणि हातात डबा घेतलेली तहसीन एवढेच उरलो. तिलाही पळायचं होतं, पण सर म्हणाले, “थांबा, तुमचं बोलणं राहिलंय,” आणि आम्ही तिघांनी खुर्च्यांवर बसून तिचं उरलेलं सगळं ऐकलं. ऐकता ऐकता फोन परत वाजला. तहसीनच्या अम्मी होत्या. सरांनी स्पीकर लावला. मागे पाण्याचा धो धो आवाज, आणि त्यातून अम्मी ओरडून सांगत होत्या, “आया सर, जोर का आया.”

मोठ्या मॅडमनी इतिवृत्तात लिहिलं, ‘पाणी आल्यामुळे सभा तहकूब. विरोध कोणीही नोंदवला नाही.’ मॅडमच्या शिस्तीबद्दल मी पुष्कळ चेष्टा केली आहे, पण त्या ओळीसाठी मी त्यांना मनोमन नमस्कार केला.

खरी जीत पुढच्या सोमवारी झाली. अम्मी शाळेत आल्या आणि म्हणाल्या, “सर, उस फोन में अब मेरा नंबर डालो. आपका क्या काम है वहाँ?” पाणी कधी येईल हे कळत नव्हतं म्हणून मुलगी दिवसभर बसत होती. आता येतं तेव्हाच कळणार, तर तासाभरासाठी दुकानातून त्या स्वतः घरी जाऊ शकत होत्या. मालकाला तेवढं चालत होतं. सरांचा नंबर गेला, अम्मींचा आला. मग अम्मी तिथून पुढे सगळ्या गल्लीला मिस्ड कॉल देऊ लागल्या. पहिल्या नंबरवाल्याच्या वडिलांनीही त्यांच्याकडे आपला नंबर नेऊन दिला, हे मला त्यांच्या मुलानं हसत हसत सांगितलं.

तहसीनच्या ओळीतल्या चौकटी भरू लागल्या. काही पिवळ्या होत्या, पण सरांना पिवळा रंग आवडायचा. रोज संध्याकाळी गुलमोहराखालून तिला तिच्या मापाचा निरोप जायचा, आणि आता तो पाण्याबद्दल नसायचा. दहावीचा फॉर्म तिनं शाळेतून भरला, नियमित विद्यार्थिनी म्हणून. मोठ्या मॅडमनी सही करताना पेन दोनदा झटकलं आणि मुद्दाम ठळक सही केली.

सर त्यानंतर लवकरच निवृत्त झाले आणि गंगापूरला गेले. पण दहावीच्या गणिताच्या पेपरला ते मोपेडवरून केंद्रावर आले होते. तो पाण्याचा दिवस होता. केंद्राच्या फाटकापासून लांब, रस्त्याच्या पलीकडे लिंबाखाली पालकांची गर्दी, त्यात तहसीनच्या अम्मी, सर आणि मी. अम्मी तोंडानं काहीतरी पुटपुटत होत्या, दुआ असावी. अर्धा पेपर झाला असेल, आणि त्यांच्या मुठीतला फोन वाजला.

अम्मींनी फोनकडे पाहिलं, फाटकाकडे पाहिलं. मग डब्याची पिशवी माझ्या हातात दिली. “बाहर आई तो बोलना, पहले खाना खा. बालटी को हात नै लगाना,” असं म्हणून त्या रिक्षाला हात करत गेल्या.

घंटा झाली. मुलं बाहेर आली, ओरडत, उत्तरं ताडून बघत. तहसीन सगळ्यांच्या शेवटी आली. शेवटच्या मिनिटापर्यंत लिहीत होती, बोटांना शाई. आईला शोधत तिची नजर फिरली आणि ती घाईघाईनं म्हणाली, “बाई, पाणी आलं का?”

“आलं,” मी म्हणाले. “अम्मी भरायलेत. तू जेव.”

 ती लिंबाच्या पारावर मांडी घालून बसली, डबा उघडला, आणि घास तोंडात असतानाच सरांना शेवटचं गणित कसं सोडवलं ते बोटानं मातीत काढून दाखवू लागली. तिला कुठेही जायची घाई नव्हती.